गोष्ट, कागद आणि कात्री

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



वाचनालयाचा अहवाल आपले सचिव वाचून दाखवतीलच. पुस्तके किती, सभासद किती, वर्गणी कोणाकडे थकली, ह्या गोष्टी त्यात येतील. आम्हांस अध्यक्षांनी वेगळेच काम सांगितले आहे. "दर रविवारी सकाळी तुम्ही मुलांना घेऊन कागदाचे जे काही चाळे करता, त्याबद्दल दोन शब्द बोला," असे ते म्हणाले. 'चाळे' हा शब्द त्यांचाच आहे. आम्ही तो आनंदाने स्वीकारला आहे.

प्रथमच कबूल करतो की ह्या विषयातले आम्ही जाणकार नव्हेत. आम्ही बँकेत कारकून, कला शाखेचे पदवीधर. हस्तकलेचे शिक्षण म्हणाल तर शाळेतल्या कार्यानुभवाच्या तासापलीकडे काही नाही. त्या तासाला आम्ही घोटीव कागदाचा जो कंदील केला होता, तो घरच्यांनी बुद्ध पौर्णिमेला पुढच्या दारी न लावता मागच्या दारी लावला होता. तेव्हा आज जे सांगणार आहोत ते कलेबद्दल नाही, वाचनालयाबद्दल आहे.

आपल्या वाचनालयात काचेची दोन कपाटे आहेत, हे आपणांस ठाऊक आहे. दात्यांनी दिलेली, चांगली भक्कम. कपाटांवर दात्यांची नावे मोठ्या अक्षरांत आणि आतल्या पुस्तकांची नावे त्या मानाने लहान. किल्ली तीन गल्ल्या पलीकडे, खजिनदारांच्या घरी. मुले यायची, काचेला नाक लावून मुखपृष्ठे पाहायची आणि पंख्याखाली लोळून घरी जायची. उन्हाळ्यातला माढ्याचा फुफाटा ज्याने अनुभवला आहे तो त्यांना दोष देणार नाही. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाची पाच सूत्रे सांगितली. त्यांतले पहिलेच सूत्र असे की पुस्तके वापरण्यासाठी असतात. हे सांगताना त्यांनी युरोपातल्या जुन्या ग्रंथालयांचे उदाहरण दिले आहे, जेथे पुस्तके साखळ्यांनी फळीला बांधून ठेवीत. आम्ही ते वाचले तेव्हा हसू आले, आणि मग आपली काचेची कपाटे आठवली.

म्हणून रविवारी दहा वाजता मुलांना गोष्ट वाचून दाखवावी असे ठरले. पहिले दोन महिने नुसते वाचन होते. आमचा आवाज बरा आहे. काउंटरवर उभ्या असलेल्या लोकांना नावे पुकारून तो तयार झाला आहे. तरीही गोष्ट पाच-सात मिनिटांपुढे टिकेना. कान गोष्टीत असले तरी हात रिकामे असत, आणि रिकामे हात काहीतरी शोधतातच. कोणी पुढच्याची वेणी ओढी, कोणी सतरंजीचे दोरे उपटी. दोन महिन्यांत सतरंजीचा एक कोपरा विरला. सतरंजी वाचवावी म्हणून आम्ही कागद आणला, ही ह्या उपक्रमाची खरी सुरुवात. ती काही फार उदात्त नाही, हे मान्य.

पहिली गोष्ट निवडली ती लाव्यांची. जातककथा ५४७, त्यांतली ३३वी, सम्मोदमान जातक. पारधी लाव्यांच्या आवाजाची नक्कल करून त्यांना जमवतो आणि वरून जाळे टाकतो. शहाणा लावा इतरांना सांगतो, प्रत्येकाने जाळ्याच्या एकेका घरातून डोके वर काढा, सगळे मिळून जाळे उचला आणि काटेरी झुडपावर नेऊन टाका. तसे ते करतात, आणि पारधी रोज रिकाम्या हाताने घरी जातो.

ह्या गोष्टीला जाळे हवे. ते कसे करावयाचे तेवढे सविस्तर सांगतो, कारण आजवर केलेल्यांत ही सर्वांत सोपी आणि सर्वांत कामाची वस्तू आहे. वर्तमानपत्राचे एक पान घ्या. ते लांबीच्या बाजूने मध्यावर दुमडा, पुन्हा एकदा तसेच दुमडा. आता हातात चार पदरी लांब पट्टी आहे. एका कडेकडून कात्री घाला, पण समोरच्या कडेला बोटभर जागा राहिली की थांबा. पुढचा काप समोरच्या कडेकडून, तोही बोटभर आधीच थांबवा. एक इकडून, एक तिकडून, असे पट्टीभर करीत जा. दोन कापांत बोटाएवढे अंतर पुरे. मग पट्टी हलक्या हाताने उलगडा आणि दोन्ही टोके धरून सावकाश ओढा. सपाट कागदाची जाळी होते. पहिल्यांदा ती ताणली गेली तेव्हा मुलांच्या तोंडून जो आवाज निघाला, तो आम्ही तोवर त्या खोलीत ऐकला नव्हता.

लावे त्याहून सोपे. चौकोनी कागद कर्णावर दुमडला की त्रिकोण होतो; एक टोक आत मुडपले की चोच, पेन्सिलीने डोळा. एका वर्तुळात नऊ मुले, प्रत्येकाचा एक लावा, सगळ्यांच्या डोक्यावर ते जाळे. "उचला" म्हटले की सगळ्यांनी एकदम हात वर करायचे. हळू उचलले तर जाळे नीट जाते, एकाने घाई केली तर त्याच्या बाजूला टरकते. हे आम्ही सांगितलेच नाही, कागदाने सांगितले.

आता गोष्टीचा शेवट. पुढे लाव्यांत भांडण होते. चरताना एकाचा पाय दुसऱ्याच्या डोक्यावर पडतो, त्यावरून शब्दाला शब्द वाढतो, 'जाळे काय तू एकटाच उचलतोस का' येथवर येते. शहाणा लावा आपल्या सोबत्यांना घेऊन निघून जातो. उरलेले एकमेकांस 'तू उचल, तू उचल' म्हणत बसतात आणि सापडतात. आम्ही ठरवले होते की येथे निम्म्या मुलांनी हात खाली घ्यायचे. त्यांनी घेतले, आणि जाळे मधोमध फाटले. तेव्हा दुसरीतला एक मुलगा उठून म्हणाला, "सर, मग जाळं फाटलं की! लावं सुटली की!"

खोली हसली. आम्हांस उत्तर सुचेना. त्याचे म्हणणे तर बिनतोड होते. एकाने म्हटले, पारध्याचे जाळे सुताचे असणार, ते कागदासारखे कसे फाटेल? दुसरा म्हणाला, पुस्तकात काय लिहिले आहे ते बघा. बघा म्हणजे काय? पुस्तक आमच्या हातात होते. सात-आठ डोकी त्यावर वाकली, वाचता येणाऱ्यांनी मोठ्याने वाचले, न येणाऱ्यांनी बोट ठेवून विचारले, 'जाळं' कुठं लिहिलंय? त्या दिवशी प्रथमच मुलांनी वाचनालयातले पुस्तक काही शोधण्यासाठी हातात घेतले. ही गोष्ट आम्ही तुम्हांला पुनःपुन्हा सांगणार आहोत, कारण पुढे जे बोलावयाचे आहे ते हिच्याच आधारावर.

ह्यानंतर आमच्या हातून जी चूक झाली तीही सांगितली पाहिजे. कार्यकारिणीतल्या काहींना ती माहीत आहे, परंतु अर्धवट.

कागद संपत आला होता. आम्ही सहज म्हणालो, "पुढच्या रविवारी येताना घरून टाकाऊ कागद घेऊन या." पुढच्या रविवारी बहुतेक मुले रिकाम्या हाताने आली. आली तीही निमूट, मान खाली घालून. एकाने मात्र चार छान, जाड, रंगीत पाने आणली. ती पाने आपल्याच वाचनालयाच्या एका पुस्तकातली होती. फाडलेली नव्हती, ब्लेडने, पट्टी धरून, अगदी सरळ कापलेली होती. आम्ही आवाज चढवला. तो मुलगा रडला नाही. एवढेच म्हणाला, "तुमीच म्हणलात कागद आणा. घरात दुसरा कागदच न्हाई."

मंडळी, आमच्या घरी वर्तमानपत्र येते, लग्नपत्रिका येतात, मुलांच्या वह्या अर्ध्या कोऱ्या राहतात. 'टाकाऊ कागद' हा शब्द आमच्या तोंडी इतका सहज आला, कारण आमच्या घरात कागद टाकण्याइतका आहे. ज्या घरात वर्तमानपत्र येत नाही, किराणा प्लास्टिकच्या पुडीतून येतो, वहीची दोन्ही अंगे भरली की ती रद्दीत किलोवर विकली जाते, त्या घरात टाकाऊ कागद कोठून येणार? आणि आम्हीही अशाच घरात लहानाचे मोठे झालो. नोकरी लागून वीस वर्षे होत नाहीत तोच विसरलो, ह्याचे वाईट वाटले.

कार्यकारिणीच्या बैठकीत उपक्रम बंद करावा अशी सूचना आली. पुस्तकांचे नुकसान होते, हे कारण खोटे नव्हते. शेवटी दोन गोष्टी ठरल्या. कागद मुलांनी आणायचा नाही, वाचनालयाने पुरवायचा. आणि कापलेली पाने त्या मुलाने व आम्ही मिळून परत चिकटवायची. दोन संध्याकाळी बसून ती चिकटवली. ते पुस्तक आज कपाटात आहे. चार पाने किंचित जाड झाली आहेत, एवढेच.

चिकटवण्यासाठी खळ आम्ही घरीच केली. वाटीभर मैदा पाच वाट्या थार पाण्यात गुठळी न ठेवता कालवायचा, मग मंद आचेवर ढवळत राहायचे, पांढरेपणा जाऊन काचेसारखी झाक आली की उतरवायचे. उन्हाळ्यात ती दोन दिवसांत आंबते. पुस्तकबांधणीवाले टिकावी म्हणून खळीत मोरचूद घालतात. तो विषारी आहे, मुलांच्या खळीत घालू नये. लहान मुले खळ चाटून बघतातच, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

आता कागदाची सोय कशी केली ते सांगतो. लग्नसराईनंतर घरोघरी जाऊन पत्रिका गोळा केल्या. त्यांचा जाड कागद बाहुल्यांना उत्तम. भिंतीवरच्या मोठ्या दिनदर्शिकांची पाने, ज्यांची मागची बाजू कोरी असते. छापखान्यात कटिंग झाले की पट्ट्यांचा ढीग पडतो, तो मागितला तर पोतेभर मिळतो. ही स्मरणिका जेथे छापली जाते तेथूनच आम्ही तो आणतो. बँकेतला एकपाठी कोरा कागद का आणत नाही, असे पुष्कळजण विचारतात. त्या कागदाच्या दुसऱ्या बाजूला कोणाचे तरी खाते असते. कोणाची थकबाकी कागदी होडीवरून गावभर फिरावी, हे आम्हांस परवडणार नाही.

कात्र्या पाच आणि मुले वीस, हा प्रश्न निराळा. वाट पाहणारी मुले भांडत. येथे मदतीला आल्या त्या आपल्या एक ज्येष्ठ उपासिका, ज्यांना आपण सगळे मावशी म्हणतो. मावशींचे माहेर सोलापूरचे. लग्नाआधी त्यांनी कित्येक वर्षे विड्या वळल्या. तेंदूचे पान भिजवून मऊ करायचे, त्यावर पत्र्याचा साचा ठेवायचा आणि कात्रीने भराभर त्या मापाचे तुकडे कापायचे, हे काम त्यांच्या बोटांत अजून आहे. मावशींना अक्षरओळख नाही. वाचनालयात त्या झाडलोट करायला येत आणि पुस्तकांना हात लावायला संकोचत. त्यांनी मुलांना शिकवले की कात्री वळवायची नसते, कागद वळवायचा असतो. आम्ही चाळिशी ओलांडली तरी हे आम्हांस ठाऊक नव्हते. आज मावशी कात्र्यांच्या प्रमुख आहेत. चौथीतली एक मुलगी त्यांना गोष्ट वाचून दाखवते आणि मावशी ऐकता ऐकता चित्र कापतात. त्यांचे हरीण आमच्या हरणापेक्षा हरणासारखे दिसते.

सगळेच जमले असे नाही. ऑगस्ट महिन्यात आम्ही हिरोशिमाच्या सदाको सासाकीची गोष्ट सांगितली. अणुबाँब पडला तेव्हा ती दोन वर्षांची होती. पुढे तिला रक्ताचा कर्करोग झाला आणि २५ ऑक्टोबर १९५५ रोजी, वयाच्या बाराव्या वर्षी, ती गेली. हजार कागदी क्रौंच केले की इच्छा पुरी होते अशी तिकडे समजूत आहे, म्हणून इस्पितळात ती घड्या घालीत राहिली. कागद पुरत नसे तेव्हा औषधाच्या वेष्टनांचेही क्रौंच तिने केले. तिच्या सवंगड्यांच्या प्रयत्नांतून १९५८ साली हिरोशिमाला मुलांचे शांतिस्मारक उभे राहिले. गोष्ट ऐकताना खोलीत टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता होती. मग आम्ही म्हटले, चला, आपणही क्रौंच करू. पाऊण तास गेला. क्रौंचाच्या घड्या पुष्कळ आणि बारीक; सात-आठ वर्षांच्या मुलांना त्या झेपत नाहीत. तिघांना जमले, बाकीच्यांचे कागद मळले आणि डोळे भरले. गोष्ट बाजूला राहिली, 'मला येत नाही' एवढेच घरी गेले. तेव्हापासून आमचा नियम असा की गोष्टीच्या वेळी पाच घड्यांपेक्षा जास्त घड्यांची वस्तू घ्यायची नाही. क्रौंच शिकवायचा तर मोठ्या मुलांना, वेगळ्या दिवशी.

मुखवट्यांचाही आम्हांस कंटाळा आला आहे. मुखवटा रंगवण्यात सकाळ जाते, पालक फोटो काढतात आणि माकडाने काय केले ते कोणालाच आठवत नाही. जी वस्तू गोष्टीत काही काम करीत नाही ती शोभेची. शोभा वाईट नाही, परंतु तिला रविवार देऊ नये.

चित्रे दाखवून गोष्ट सांगणे मात्र फार उपयोगी पडले. ही पद्धत आपल्याकडे जुनी आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी गाव आहे; तेथल्या ठाकर समाजाची चित्रकथी प्रसिद्ध आहे. कागदावर रंगवलेली चित्रे क्रमाने एकेक पुढे करायची आणि वाद्याच्या साथीने कथा गायची. पोथी म्हणजे चित्रांचा गठ्ठा. ह्या घराण्यांतले परशुराम गंगावणे यांनी गुरांच्या गोठ्यात संग्रहालय उभे केले आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. जपानातही १९३० च्या सुमारास सायकलवरून गोष्टी सांगणारे लोक हिंडत. सायकलच्या मागे लाकडी चौकट, तिच्यात चित्रांचे पुठ्ठे सरकवायचे. लाकडाचे दोन ठोकळे एकमेकांवर आपटून मुलांना गोळा करायचे, मिठाई विकायची आणि गोष्ट सांगायची. दूरदर्शन आला आणि ते मागे पडले, पण त्यांचे पुठ्ठे पुढे शाळांत आणि ग्रंथालयांत शिरले.

आम्ही बुटाच्या खोक्याचे झाकण घेतले, त्याला खिडकी कापली. सायकल आमच्याकडे आहेच. बडबड्या कासवाची गोष्ट, दोन हंस काठी धरून उडतात आणि कासव ती तोंडात धरून लोंबकळते, ती सहा चित्रांत बसवली. शेवटच्या चित्रात कासव तोंड उघडते. त्यासाठी कासव वेगळे कापून काठीला नुसते अडकवले होते. बोलले की पडते. लहान मुलांनी ते अठरा वेळा पाडून घेतले. पुण्याच्या आयुका संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत ज्यांनी अनेक वर्षे काम केले, त्या अरविंद गुप्ता यांची खेळणी पाहिली की हे सगळे किती थोड्यात होते ते कळते. त्यांच्या संकेतस्थळावर पुस्तके विनामूल्य आहेत, मराठीतलीही. ज्या विद्यार्थ्यांकडे मोबाइल आहे त्यांनी तो ह्या कामी पंधरा मिनिटे वापरावा, ही आमची विनंती.

आता आक्षेपाकडे वळतो. आपल्यातले एक आदरणीय गृहस्थ, ज्यांनी स्वतः फार कष्टाने शिक्षण घेतले, ते आम्हांस म्हणाले, "आपल्या मुलांना स्पर्धा परीक्षेला बसवायचे आहे. कागदाची पाखरे करून कोण कलेक्टर झाला?" त्यांच्या बोलण्यामागची कळकळ आम्ही जाणतो. बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधले ते ग्रंथांसाठी जागा हवी म्हणून. ज्या समाजापुढे असे उदाहरण आहे त्याने वाचनालयात वेळ घालवू नये, हे त्यांचे म्हणणे. आम्हांस त्याचा प्रतिवाद करावयाचा नाही. एवढेच विचारावयाचे आहे की सहा वर्षांच्या ज्या मुलाच्या घरात एकही पुस्तक नाही, ते मूल काचेच्या कपाटापर्यंत कोणत्या वाटेने येते? ताराबाई मोडक यांनी १९४५ नंतर बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणाचे काम केले तेव्हा महागड्या साधनांऐवजी पाने, बिया, शंख-शिंपले वापरले. आमच्या हाती छापखान्याची कातरण आहे. तेवढाच फरक.

शेवटी एक प्रसंग सांगतो. त्याचा आजच्या सभेशी संबंध आहे.

आपल्या तालुक्यात उसाचा हंगाम सुरू झाला की बाहेरच्या जिल्ह्यांतून तोडणीच्या टोळ्या येतात. गेल्या हंगामात गावाबाहेर एका टोळीच्या कोप्या पडल्या होत्या. त्यांतली एक दहा वर्षांची मुलगी, कडेवर धाकटा भाऊ घेऊन, रविवारी दारात उभी राहू लागली. तिसऱ्या रविवारी आत आली. भावाच्या हातात कागदाचा लावा दिला की तो गप्प बसे आणि ती ऐके. तिला बऱ्यापैकी वाचता येत होते. एके दिवशी तिने लाव्यांच्या गोष्टीचे पुस्तक घरी न्यायला मागितले.

आपला नियम असा की पुस्तक घरी नेण्यास सभासदत्व हवे, सभासदत्वास अनामत रक्कम आणि कायमचा पत्ता हवा. तिच्याकडे दोन्ही नव्हते. देवघेवीच्या टेबलावर त्या दिवशी आम्हीच होतो. आम्ही नियम सांगितला. बँकेत वीस वर्षे काढलेल्या माणसाला तो सांगणे जड गेले नाही, हेही खरे सांगितले पाहिजे.

ती काही बोलली नाही. त्या सुमारास आम्ही मुलांना आठ पानी पुस्तक शिकवीत होतो. एक कागद तीनदा मध्यावर दुमडला की आठ घरे पडतात. तो उलगडून आडवा मध्यावर दुमडायचा, दुमडलेल्या बाजूने मधल्या घडीवर पुढच्या आडव्या घडीपर्यंत कात्री घालायची. पुन्हा पूर्ण उलगडून लांबीत दुमडायचा आणि दोन्ही टोके आत ढकलायची. मधली चीर उघडते, चार पाकळ्या होतात, त्या एकावर एक मिटल्या की पुस्तक तयार. टाचणी नाही, खळ नाही. तिने दोन रविवार कपाटाजवळ बसून लाव्यांची गोष्ट त्या आठ पानांत उतरवली. अक्षर बारीक, दोन चित्रे. शेवटच्या पानावर जागा पुरली नाही म्हणून भांडण दोन ओळींत उरकले होते. दुसऱ्या कागदावर तिने तसेच आणखी एक पुस्तक केले. एक कनवटीला लावले, एक टेबलावर ठेवले. म्हणाली, "हे इथं असू द्या."

चीनमधील दुनहुआंगच्या गुहांत वज्रच्छेदिका सूत्राची एक छापील गुंडाळी सापडली. ती सध्या लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. तिच्यावर छापल्याची तारीख आहे, वर्ष इ. स. ८६८. तारीख असलेले जगातले सर्वांत जुने छापील पुस्तक म्हणून तिची ख्याती आहे. वांग जिए नावाच्या गृहस्थाने आपल्या आईवडिलांप्रीत्यर्थ, सर्वांस विनामूल्य वाटण्यासाठी ती करवून घेतली, असे तिच्या शेवटी नोंदले आहे. अकराशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या कागदाला अनामत नव्हती.

मुलीचे पुस्तक आम्ही दाखल नोंदवहीत चढवले. क्रमांक टाकला, पाने आठ, किंमत शून्य, प्राप्ती भेट. हिशेब तपासनीसांनी त्या नोंदीला हरकत घेतली आहे. छापील नसलेली, प्रकाशक नसलेली वस्तू पुस्तक म्हणून दाखवता येत नाही, असे त्यांचे मत आहे. ती हरकत आज विषयपत्रिकेवर पाचव्या क्रमांकावर आहे. सहाव्या क्रमांकावर आमचा स्वतःचा ठराव आहे: चौदा वर्षांखालील मुलांना, मग ती गावची असोत की टोळीबरोबर आलेली, अनामत व पत्त्याच्या अटीशिवाय एका वेळी एक पुस्तक घरी नेऊ द्यावे. पुस्तके परत येणार नाहीत, ही भीती आम्हांसही आहे. काही येणार नाहीत. त्यासाठी वर्षाकाठी किती पुस्तकांची तूट सोसायची, तो आकडा सभेने ठरवावा. हिशेब ठेवण्याचे काम आम्ही करू.

ते आठ पानी पुस्तक बाहेर टेबलावर ठेवले आहे. मतदानापूर्वी ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी पाहून घ्यावे. हात कोरडे असावेत, कागद दिनदर्शिकेचा आहे आणि घडीवर विरत चालला आहे. हंगाम पुन्हा सुरू होण्यास आता थोडेच आठवडे उरले आहेत.

जयभीम.